आपल्याकडे फूल शिजवत नाहीत

"एवढासा बर्फ मागितला की हिच्या पोटात दुखतं. काल कोणाला नको होता तर टोपलीभर घालून बसली होती. आज बघा, नुसती घरघर! आता मी हिची समजूत काढत बसायचं. घरी एक आहे, ती पुरे नाही म्हणून."

मशीनकाका बर्फाच्या यंत्रात डोकं खुपसून स्वतःशीच पुटपुटत होते. त्यांच्या कोपराला कोपर लावून सूनबाई रिकामा डबा धरून उभी होती, तिला ते सगळं ऐकू येत होतं.

"काका, येणार का बर्फ?"

"येईल की. हिची इच्छा झाली की येईल. मी दुरुस्तीवाल्याला फोन करतो, तोही हिच्यासारखाच. वाजतो, पण उचलत नाही."

ते गेले. सूनबाई खिडकीपाशी ठेवलेल्या लिलीकडे बघत राहिली. संध्याकाळ होत आली होती आणि फूल काही तिच्यासाठी थांबणार नव्हतं.

सूनबाई हे तिचं लॅबमधलं नाव. आली तेव्हा ती साधी विद्यार्थिनी होती. मग लॅब चालवणाऱ्या मॅडमच्या मुलाशी लग्न झालं आणि एका दिवसात ती सगळ्या लॅबची सूनबाई झाली. ऑफिसने नाक मुरडलं, म्हणून कागदावर तिला मार्गदर्शक दुसरेच दिले. ते वर्षातून एकदा सही करायला आणि बऱ्याचदा चहा प्यायला येत. बाकी सगळं मॅडम बघत. मॅडम म्हणजे सासूबाई. लॅबमध्ये मॅडम, घरी आई. मधल्या जिन्यावर गाठ पडली तर काय म्हणायचं, हे मात्र तिला अजून ठरवता आलं नव्हतं.

तिच्या कामाचा विषय ऐकला की नातेवाईक हळूच घड्याळ बघत. तसा तो अवघड नाही. पाकळी म्हणजे पाण्याने भरलेले असंख्य चिमुकले फुगे. प्रत्येक फुग्याला मेदाचं, म्हणजे लिपिडचं, एक तलम कातडं असतं. त्याला पटल म्हणतात. रंग आत, पाणी आत, फुलाची सगळी ऐट आत, आणि ती आत राहते ती या तेलकट पदराच्या जिवावर. पदर विरला की पाणी बाहेर येतं आणि फूल मान टाकतं. लॅबमधली लिली तर एका दिवसाचीच पाहुणी होती. सकाळी उमलायची, दिवेलागणीला मिटायची, आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यासारखी देठाला लोंबायची.

मॅडमचे यजमान, म्हणजे सूनबाईने कधी न पाहिलेले सासरे, यांना सगळे अजून नुसतं 'सर' म्हणत. सरांचा शोध असा होता: संध्याकाळी, फूल बाहेरून टवटवीत दिसत असतानाच, पाकळीतल्या लिपिडची डोकी छाटली जातात आणि जे उरतं ते एक आम्ल. फॉस्फॅटिडिक आम्ल. आलेखावर ते अचानक डोंगरासारखं चढतं. सरांनी त्याला 'संध्याशिखर' म्हटलं. फूल स्वतःलाच मिटायचा हुकूम देतं, तो हाच. या शिखराने सरांना नाव दिलं, लॅबला जागा दिली आणि सूनबाईला विषय दिला. शिखर कुठल्या लिपिडमधून तयार होतं, हे शोधण्यात तिची तीन वर्षं गेली होती. आता त्या आठवड्याअखेर समितीपुढे उभं राहून सगळं मांडायचं होतं. समितीने मान डोलावली की प्रबंध लिहायला ती मोकळी, नाही डोलावली तर घरी बसायला मोकळी. प्रयोगाची एकच फेरी राहिली होती, आणि नेमका बर्फ रुसला.

बर्फाशिवाय इथलं पान हलत नसे. पाकळ्या बर्फावर कापायच्या, गार खलात कुटायच्या, मग मेद वेगळा काढायचा. इतर बहुतेक ठिकाणी पाकळी आधी कढत अल्कोहोलमध्ये टाकतात. इथे नाही. नव्या विद्यार्थ्याने कारण विचारलं की कोणीतरी सांगायचंच, "आपल्याकडे फूल शिजवत नाहीत. सर म्हणायचे." ऐकणाऱ्याला वाटायचं, किती हळवा माणूस! आणि विषय तिथेच संपायचा.

सूनबाई जिथे आधी शिकली तिथे मात्र फूल शिजवत. त्या दिवशी बर्फ नाही, काका फोनवर, मॅडम कुठल्याशा बैठकीला, आणि समोर मिटायच्या बेतात आलेली पाकळी. नव्या नवरीने सासरी कोणी नसताना माहेरच्या चवीची भाजी करून पाहावी, तसं तिने अल्कोहोल तापवलं आणि पाकळ्या अखंडच आत सोडल्या. चोरून काही करतोय असं तिला वाटलंही नाही. मेद कुठल्याही रीतीने काढा, मेद तो मेदच.

मग काचेच्या पांढऱ्या पट्टीवर त्या मेदाचे थेंब दिले. पट्टीवर प्रत्येक लिपिड आपापल्या उंचीवर जाऊन बसतं. पट्टी आयोडीनच्या बरणीत ठेवली की वाफेने तिथे तिथे तपकिरी ठिपके उमटतात. तीन वर्षं ती हे ठिपके बघत आली होती. संध्याशिखराचा ठिपका कुठे बसतो हे तिला आपल्या घराच्या दारासारखं माहीत होतं.

त्या जागी काहीच नव्हतं.

तिने बरणी हलवली. पट्टी उजेडात धरली, तिरकी धरली, चष्मा पुसला. बाकीचे सगळे ठिपके शहाण्या मुलांसारखे आपापल्या जागी हजर होते. शिखराची जागा तेवढी कोरी, दात पडल्यासारखी.

मोठा धक्का बसला की माणूस किंचाळतो म्हणतात. सूनबाईने वापरलेला चमचा उचलला आणि तो धुवायला लागली. बराच वेळ धुतला. मग तिच्या लक्षात आलं की नळ चालूच केलेला नाही.

रात्रभर ती स्वतःलाच दोष देत राहिली. पाकळ्या चुकीच्या घेतल्या असतील, अल्कोहोल जुनं असेल, थेंब कमी पडला असेल. दुसऱ्या दिवशी तिने घरच्या फ्रीजमधला बर्फाचा ट्रे डब्यात रिकामा केला आणि लॅबमध्ये आणला. संध्याकाळी लिलीची प्रत्येक पाकळी मधोमध उभी चिरली. एक अर्धा भाग बर्फावर कापून गार खलात कुटला, दुसरा कढत अल्कोहोलमध्ये टाकला. तीच पाकळी, तीच वेळ, तोच हात. नंतर दोन्ही एकाच पट्टीवर शेजारी शेजारी चढवले.

कुटलेल्या अर्ध्याचा ठिपका गडद, गोल, डोळ्यात भरणारा. शिजवलेल्या अर्ध्याची जागा कोरी.

ती स्टुलावर बसली. विषय शिकलेल्या कोणालाही कळावं इतकं ते सोपं होतं, आणि म्हणूनच ते सहन होईना. कुटलं की पेशी फुटतात. आतलं विकर, म्हणजे एन्झाइम, आपल्या कोपऱ्यात गुमान बसलेलं, मोकाट सुटतं आणि समोर दिसेल त्या लिपिडचं डोकं उडवतं. बर्फाने त्याचा हात जड होतो, थांबत नाही. कढत अल्कोहोलमध्ये ते जागच्या जागी खलास होतं. संध्याकाळच्या पाकळीत हे विकर जास्त असतं, म्हणून डोंगर संध्याकाळीच दिसायचा. आणि कुटाल तितक्या वेळा दिसायचा, म्हणून कोणाला शंकाही आली नाही. हुकूम फूल देत नव्हतं. हुकूम खलबत्त्यातून निघत होता.

म्हणजे तीन वर्षं तिने जे मोजलं ते फुलात नव्हतंच.

"काका," तिने हाक मारली. आवाज कोणा भलत्याच बाईचा निघाला. "जरा इकडे या. हे बघा. बघा हो!"

मशीनकाका हात पुसत आले. काकांनी सरांच्या काळापासून या लॅबमधलं प्रत्येक यंत्र जगवलं होतं. मेलेल्या पंपालाही ते शिव्या घालून उठवत. त्यांनी पट्टी बघितली. सूनबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. आता हे दचकतील, आता 'अरे बापरे' म्हणतील. मग आपण दोघं मिळून घाबरू. एकट्याने घाबरण्यापेक्षा ते बरं.

काका दचकले नाहीत. त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि पट्टी उलटी करून टेबलावर ठेवली, झोपलेल्या मुलाच्या तोंडावर पांघरूण ओढावं तशी.

"बर्फ आला की परत कर."

"बर्फावरच केलंय एक. घरून आणला. दोन्ही केलेत, काका. अर्धं अर्धं."

"मग शिजवलेलं टाकून दे."

"टाकून देऊ?" ती उठून उभी राहिली. "काका, तुम्हाला आश्चर्य नाही वाटलं?"

"माझ्या वयात आश्चर्य वाटलं की रक्तदाब वाढतो."

"थट्टा नको. तुम्हाला माहीत होतं."

काकांनी दाराकडे बघितलं, मग खिडकीकडे. पळायला दोन्ही वाटा लांब पडत होत्या.

"सूनबाई, मी यंत्रं बघतो. फुलांचं मला काय कळतं?"

"कळतं. सांगा."

"सर गेले त्याच्या पुढच्या पावसाळ्यात," काका खाली बघत म्हणाले, "वहिनींनी एकदा करून पाहिलं होतं. कढत अल्कोहोलमध्ये. पट्टी मीच चढवली. अशीच कोरी आली. वहिनींनी ती माझ्या हातातून घेतली. पट्टी स्वतःच्या हाताने धुतली. मी म्हटलं, द्या इकडे, मी धुतो. दिली नाही."

खासगीत काका मॅडमना अजून वहिनी म्हणत. हे सूनबाईला माहीत होतं. बाकी काहीच माहीत नव्हतं, हे मात्र आत्ता कळत होतं.

"आणि मग?"

"मग काय, दुसऱ्या दिवसापासून तो नियम. फूल शिजवायचं नाही, सर म्हणायचे."

"म्हणजे सर तसं म्हणायचे नाहीत?"

"सर?" काकांना एवढ्या अडचणीतही हसू फुटलं. "अगं, सरांना फूल म्हणजे टोमॅटो! एकदा चहा कडू लागला म्हणून बघितलं तर बहाद्दराने चहाच्या भांड्यात पाकळ्या उकळल्या होत्या, दुसरं भांडं सापडेना म्हणून. हळवेपणा माणसाच्या जवळून गेला नव्हता. असते तर त्यांनीच सगळ्यात आधी अल्कोहोल तापवलं असतं. त्यांच्या वेळी ती रीत इथवर पोहोचलीच नव्हती, एवढंच."

"मग इतकी वर्षं कोणीच..."

"अळीमिळी गुपचिळी. ज्याला कळलं त्याने तोंडाला कुलूप घातलं. कोणी बोलावं? वहिनींचं दुःख ताजं होतं. मग शिळं झालं, पण तोवर गप्प बसायची सवय लागली." ते वळले आणि परत थांबले. "तुझ्या नवऱ्याला विचार, त्याने माती का धरली."

हा त्या संध्याकाळचा दुसरा धक्का, आणि तो पहिल्यापेक्षा खोल गेला. पहिला कामावर बसला होता, हा घरात शिरला.

तिचा नवरा मातीचा माणूस. मातीतला फॉस्फरस मोजायचा, नखांत कायम काळी रेघ, खिशात पिशव्या. फॉस्फरस कमी पडला की झाड आपल्या पटलातले फॉस्फरसवाले लिपिड मोडून त्या जागी साखरेचे लिपिड बसवतं, आणि कोमेजतं फूल जाता जाता स्वतःचा फॉस्फरस झाडाला परत देतं, हे लग्नाआधी त्यानेच तिला बागेच्या बाकावर बसून सांगितलं होतं. तिला वाटलं होतं, काय सुरेख बोलतो! हाताशी एवढी मोठी लॅब असून हा वडलांच्या सावलीत बसत नाही, स्वतःची वाट काढतो, याचंही तिला कौतुक होतं. मैत्रिणींना तिने ते कौतुकाने सांगितलंही होतं.

ती घरी आली तेव्हा तो स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. तिने पट्टी ओट्यावर, कांद्याच्या शेजारी ठेवली.

त्याने बघितली. सुरी थांबली.

"तूही," ती म्हणाली.

"हळू बोल, आई आत आहे."

"तूही!"

"अगं, ऐक तरी..."

"कधी?"

"शिकत होतो तेव्हा. सुट्टीत लॅबमध्ये कोणी नव्हतं. सहज करून बघितलं." तो पुन्हा कांदा चिरायला लागला, चिरलेलाच कांदा. "मग मी म्हटलं, आपण माती धरावी. माती कोणाची सगी नाही."

"आणि मी? मी आले, याच विषयावर आले, तुझ्यासमोर तीन वर्षं पाकळ्या कुटल्या. रोज हाताला तो वास. तू रोज विचारायचास, आज शिखर किती आलं. विचारायचास की नाही?"

"विचारायचो."

"का?"

"तू खूश व्हायचीस म्हणून." त्याचे डोळे भरले होते. कांद्याने की कशाने, हे बघायची तिची इच्छा नव्हती. "पहिल्या दिवशी सांगणार होतो. मग वाटलं, लग्न होऊ दे. मग वाटलं, आईचं पथ्यपाणी चालू आहे, बरी होऊ दे. मग तुझं निम्मं काम झालेलं. निम्मं झाल्यावर सांगायचं म्हणजे... उद्या सांगू, उद्या सांगू असं करत राहिलो."

"आईंना माहीत आहे ना, की तुला माहीत आहे?"

"आईला माहीत आहे हे मला माहीत आहे. मला माहीत आहे हे तिला... माहीत असावं. आम्ही कधी बोललो नाही."

"एका घरात राहता तुम्ही!"

"म्हणूनच," तो म्हणाला.

तिला हसूही येईना, रडूही येईना. लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईने विचारलं होतं, घरात कोणाला व्यसन वगैरे नाही ना? नाही, आई, तिने छाती फुगवून सांगितलं होतं, सगळे अगदी सरळ आहेत. विचारायचं ते राहूनच गेलं होतं.

"समितीपुढे काय करू मी?" शेवटी तिने विचारलं.

"बर्फावरचं आहे ते मांड. ते खोटं नाही. कुटलं की शिखर येतं, एवढं तर खरंच आहे."

"आणि तू ते करशील? माझ्या जागी असतास तर?"

त्याने चिरलेला कांदा ताटलीत भरला. त्याने काय केलं असतं हे त्याच्या नखांत दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई फ्रीज उघडून उभ्या होत्या. रोज सकाळी गुडघ्याला बर्फ लावायची त्यांची सवय. रिकामा ट्रे हातात होता.

"बर्फ कोणी संपवला?"

"मी नेला, आई. लॅबमधलं यंत्र बंद आहे."

"एवढ्याशा ट्रेमध्ये कसं भागलं? सगळ्या पाकळ्यांना पुरला?"

"सगळ्यांना नाही लावला." सूनबाईने ट्रेकडे बघितलं. "अर्ध्या पाकळ्यांना लावला."

सासूबाईंच्या हातातला ट्रे खाली आला. त्यांनी तीस वर्षं त्या खोलीत काढली होती. अर्ध्या पाकळ्या बर्फावर ठेवल्या म्हणजे उरलेल्या अर्ध्या कुठे गेल्या, हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग नुसताच थकलेला. सूनबाईला वाटलं, आता बोलतील. तिनेही तोंड उघडलं होतं. दोघी एकमेकींकडे बघत होत्या आणि फ्रीजचं दार उघडं राहिल्यामुळे तो टिंग टिंग वाजत होता.

"आई, मला..."

"दार लाव ते," सासूबाई म्हणाल्या. मग ट्रे नळाखाली धरून पाणी भरत, पाठमोऱ्याच म्हणाल्या, "समितीसमोर बोलताना पाण्याचा पेला जवळ ठेव. पहिल्या पाच मिनिटांत तोंडाला कोरड पडते. ह्यांच्याही पडायची."

बस्स, एवढंच. ट्रे भरून सांडायला लागला तरी त्या नळाखालीच धरून होत्या.

समिती बसली ती खोली लांबट होती. मधे टेबल, एका टोकाला पडदा, दुसऱ्या टोकाला चहाचा थर्मास. बाहेरून आलेले परीक्षक दाढीवाले, भारदस्त, सरांना मानणारे. कागदावरचे मार्गदर्शक त्यांच्या शेजारी बिस्किट घेऊन. मॅडम टेबलाच्या कडेला, रीतीप्रमाणे मताचा अधिकार नसलेल्या खुर्चीत. पडद्यावरची चित्रं सरकवायला मशीनकाका. दाराजवळ नवरा, अर्धा आत, अर्धा बाहेर, आयुष्यभर उभा राहिला तसा.

सूनबाईने सगळं मांडलं. लिली, पटल, शिखर, तीन वर्षं. परीक्षक मान डोलवत होते. शेवटचं चित्र आलं तेव्हा काकांचा हात बटणावर थबकला. ते त्यांना तिने आधी दाखवलं नव्हतं.

"पुढे घ्या, काका," ती म्हणाली.

पडद्यावर पट्टी आली. एक ठिपका गडद, शेजारची जागा कोरी.

"डावीकडे बर्फावर कुटलेली अर्धी पाकळी आहे. उजवीकडे त्याच पाकळीचा दुसरा भाग, आधी कढत अल्कोहोलमध्ये टाकलेला. मी नंतर आणखी दोनदा केलं. तीनही वेळा उजवीकडे शिखर नाही."

बिस्किट चहात पडल्याचा आवाज आला. दाढीवाल्यांनी चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला.

"म्हणजे? काय म्हणायचंय तुम्हाला?"

"जे दिसतंय ते मी दाखवतेय, सर."

"दिसतंय ते तुमच्या हाताचं काम!" त्यांचा आवाज चढला. आपण बसलोय तिथे जमीन नसल्यासारखं त्यांना झालं होतं आणि ते जे हाताला लागेल ते धरत होते. "अहो, संध्याशिखर आम्ही शिकवतो! पुस्तकात आहे. कितीतरी जणांनी पुन्हा करून पाहिलंय. तुम्ही पाकळी उकळून खराब केलीत आणि आता शिखर नाही म्हणता? ही घोडचूक आहे. या घरात राहून तुम्हाला एवढं कळू नये? सरांच्या लॅबमध्ये फूल शिजवत नाहीत, हे पोरासोरांना माहीत आहे."

"बाकीचे लिपिड खराब झालेले नाहीत, सर. ते सगळे जागेवर आहेत. बघा."

"मला शिकवू नका. माझं मत स्पष्ट आहे. हे काम मान्य करता येणार नाही. मार्गदर्शक काय म्हणतात?"

मार्गदर्शक चहातलं बिस्किट चमच्याने शोधत होते. "मी... म्हणजे प्रयोग मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही..."

सूनबाईने काकांकडे बघितलं. काका बटणांकडे बघत होते, जणू ती आजच बसवली होती. तिने दाराकडे बघितलं. नवरा नखांतली काळी रेघ कोरत होता. तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. या खोलीतल्या तीन माणसांना ठाऊक होतं की तिचा हात चुकलेला नाही, आणि ती तिघंही तिला बुडताना बघत होती. प्रेमाने बघत होती, हे तर आणखीच भयंकर होतं. ती पेल्याकडे वळली. पाणी हातावर सांडलं.

"तर मग लिहून घ्या," दाढीवाले कागद ओढत म्हणाले. "उमेदवाराच्या हाताळणीतल्या दोषामुळे..."

खुर्ची सरकली. मॅडम उठत होत्या. दुखरा गुडघा म्हणून टेबलाला धरून, सावकाश. कोणीतरी "तुम्ही बसा, बसा" म्हणालं. त्या बसल्या नाहीत.

"मॅडम, तुम्हाला मताचा अधिकार नाही," मार्गदर्शक गडबडून म्हणाले.

"मत कोण देतंय?" त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण खोलीत त्याच्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. पडद्यावरच्या कोऱ्या जागेकडे त्या बघत होत्या, आणि चेहऱ्यावर असा धक्का होता जणू ती त्यांनी आज पहिल्यांदाच पाहिली. "तिच्या हाताला काही झालेलं नाही. मी करून पाहिलं तेव्हाही असंच आलं होतं. माझ्या मुलाने केलं तेव्हाही."

दारात नवऱ्याने भिंत धरली.

"आई..."

"थांब जरा. एकदा बोलू दे." त्यांनी सूनबाईच्या हातातला सांडणारा पेला काढून घेतला आणि टेबलावर ठेवला. "शिखर फुलात नव्हतंच. आपण पाकळी कुटायचो, तेव्हा ते खलात तयार व्हायचं. ह्यांचं चुकलं होतं. आणि ते मला माहीत होतं."